सुरूची रांग

आमची तारापूरची वाडी अणुवीज प्रकल्पात गेली आणि माझी आई जयवंती शेजारीच उभ्या राहिलेल्या परदेशी साहेबांच्या वसाहतीत भांडी घासू लागली. साल सदुसष्ट. वाडीला खारा वारा लागू नये म्हणून बाबांनी लावलेली सुरूची रांग तेवढी तारेच्या कुंपणापलीकडे शिल्लक होती.

डिसेंबरात मडमेला नाताळासाठी झाड हवं होतं. माळ्याने त्याच रांगेतलं एक तोडून आणलं. आई बोलून करणार काय, डोंबल? मग मडमेने तिच्या हातात कापूस दिला आणि फांद्यांवर लावायला सांगितलं. तो बर्फ समजायचा, हे आईला कुठून कळणार? तिने देवाला वाहतात तशा वस्त्रमाळा वळल्या, कुंकवाची बोटं लावली आणि झाडाला घातल्या. मडमेने हसत हसत त्या ओढून काढल्या.

नवं वर्ष लागलं आणि झाड उकिरड्यावर पडलं. "पूजलेलं झाड असं टाकायचं नाय," म्हणत आईने ते एकटीने ओढत नेऊन समुद्रात सोडलं.

तरी संक्रांतीला ती मडमेकडे तिळगूळ घेऊन गेलीच. "घ्या, गोड बोला," म्हणाली. खानसाम्याने अर्थ समजावला. मडमेने लाडू तोंडात टाकला, आईच्या खांद्यावर हात ठेवला, कुंपणापलीकडच्या सुरूंकडे बोट केलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "जयवंती, अगले साल उधर से और बडा झाड लाएगा."