लादीखालच्या लाद्या

अगं ये, अशी जवळ बस. मोबाईल ठेव बाजूला. काल जेवताना आत्याला काय म्हणालीस तू? "गटारांची प्रोफेसर." ती हसली, तिचं मन मोठं आहे. मला मात्र ते लागलं. नात आहेस म्हणून कान पिळत नाही, पण तुझी आत्या कशाची प्रोफेसर आहे ते नीट ऐकून घे. मी शाळेची पायरी चढले नाही, तिच्याच पाटीवर अक्षरं गिरवून शिकले. तेव्हा माझ्या पद्धतीनं सांगते.

ती पीएचडी करत होती तेव्हाची गोष्ट. विषय आपल्या घाटकोपरच्या नाल्याचा. डोंगरावरून पाणी किती जोरात उतरतं, नाल्यात किती मावतं, उरलेलं कुठल्या गल्लीत किती शिरतं. एकदा मला कॉलेजात घेऊन गेली. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये सिमेंटचा डोंगर केलेला, माझ्या कमरेएवढा. त्यातून नाला, नाल्याकाठी आपली गल्ली, आणि गल्लीत आपलं घर काडेपेटीएवढं. तिनं नळ सोडला. पाणी आलं ते बरोबर आपल्याच वळणावर अडलं, फुगलं, आणि खरोखर ज्या बाजूनं शिरतं त्याच बाजूनं त्या काडेपेटीत शिरलं. माझे हात आपोआप जोडले गेले. पाण्याला जोडले की पोरीला, ते आजही सांगता यायचं नाही.

पण तिथंच तिचं घोडं अडलेलं. तो सिमेंटचा नाला आणि तिचा कॉम्प्युटर, दोघंही सांगायचे की पाणी दर खेपेला आधीपेक्षा वर चढतंय. आणि लोक? लोकांना विचारायला तिच्याबरोबर घरोघर मीच फिरले होते. "काय गं, पाणी कुठवर आलेलं?" बाई दारात उभी राहून गुडघ्याला हात लावायची. आणि त्याच्या आधीच्या खेपेला? गुडघा. आणि तुझी सासू होती तेव्हा? तेव्हाही गुडघा. अख्ख्या गल्लीत पाणी गुडघ्याच्या वर जायलाच तयार नाही.

तिचे सर, ज्यांच्या हाताखाली ती शिकत होती ते, म्हणाले, "मॅडम, लोक पाय धुतायत आणि तुमचा कॉम्प्युटर आंघोळीला बसलाय. आकडे जरा खाली आणा, जुळवा, आणि देऊन टाका." नाल्याच्या भिंती किती खरखरीत धरायच्या, त्याचा म्हणे एक आकडा असतो. तो हलवला की पाणी हवं तेवढं कमी दाखवता येतं. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरलेले. नाही दिला तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, आणि आकडा हलवून दिला तर तिच्या मनाला लागून राहणार.

घरी आली आणि जमिनीवर बसून राहिली. "आई, एवढी माणसं खोटं बोलणार नाहीत. माझंच चुकतंय कुठेतरी. करते कमी."

"चहा घे आधी," मी म्हटलं. ती उठली आणि डोकं खाडकन माळ्याच्या लाकडावर.

"बघून ऊठ ना गं. गेल्या भरणीपासून माळा खाली आलाय."

डोकं चोळता चोळता ती थांबली. "माळा कसा खाली येईल आई?"

तुझे आजोबा पेपरातून म्हणाले, "तुझी आई म्हणते म्हणजे आला असणार. बिशाद आहे त्याची?"

मी हसायला गेले आणि हसू तोंडातच राहिलं. पाणी शिरून गेलं की आपण काय करतो? विटांचे तुकडे, डेब्रिस आणून भर घालतो, वर नवी लादी. एकानं जमीन उचलली की शेजाऱ्यानं उचलायचीच, नाहीतर त्याचं पाणी आपल्या घरात. सगळ्यांनीच उचलली, म्हणून कुणालाच दिसलं नाही. आत्याही याच घरात वाढलेली, पण ती स्वतःच उंच होत होती, तिला घर लहान झाल्यासारखंच वाटणार. आणि गुडघा आम्ही मोजला तो दर वेळी नव्या लादीवर उभं राहून.

आजोबांनी पहार काढली. कोपऱ्यातली लादी उचकटली. खाली भर, मग लाल कोबा, पुन्हा भर, आणि सगळ्यांत खाली शहाबादी फरशी, जिच्यावर मी लग्न होऊन पहिलं पाऊल ठेवलं होतं. माझ्या स्टोव्हचा काळा डाग तसाच. आत्या खड्ड्यात उतरली, मांडीपर्यंत आत गेली. टेप लावला, गुडघ्याच्या मापात खड्ड्याची खोली मिळवली आणि वही माझ्याकडे वळवली. एक आकडा कॉम्प्युटरचा, एक आपल्या घराचा. बोटभराचा फरक.

"आई," ती हळूच म्हणाली, "कुणीच खोटं बोललं नाही."

मग ती पुन्हा घरोघर गेली. या वेळी गुडघा नाही विचारला. जमीन कितीदा उचलली, ते विचारलं. कुणी पंख्यावरून सांगितलं, कुणी खिडकीवरून. एकीच्या खिडकीचं तर बसायचं बाकडं झालं होतं. सर स्वतः बघायला आले. दारातून वाकून आत आले, खड्ड्यात पाय सोडून बसले. मग म्हणाले, "ताई, आंघोळीला आम्हीच बसलो होतो." आणि दोनदा चहा घेतला. प्रबंध वेळेवर गेला, एकही आकडा न हलवता.

मला नवल वाटतं ते याचं. आम्ही त्या जमिनीवर झोपलो, जेवलो, बाळंतपणं काढली, आणि आम्हाला कळलं नाही. आणि तिकडे शेडमधल्या नळाच्या पाण्यानं आपलं घर कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याला ठाऊक होतं. तिनं त्या पाण्यावर विश्वास ठेवला, आणि आमच्यावरही.

खड्डा मी बुजवू दिला नाही, वर फळी टाकलीय. आत्या दरवर्षी आपली कॉलेजची मुलं आणते, आधी दारात उभं करून गुडघ्याला हात लावायला लावते. पण आता गल्लीच्या जागी बिल्डिंग होणार, कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्यात, घर पाडायला येतील. तुमच्याकडचा मुक्काम आटोपून मी परवा घरी परत जातेय. तुमच्या बोरिवलीहून घाटकोपर काही परदेश नाही. येत्या रविवारी ये बाई. फळी मी उचलते, तू खाली उतर, त्या फरशीवर उभी राहून वर बघ. मग आत्याला काय म्हणायचं ते तिथून म्हण. पण लवकर ये.