पासपोर्टातली गाडी

मिलूद रक्कादीला दोन गोष्टी येत होत्या. ओझं उचलता यायचं आणि डिझेलचं इंजिन नुसतं ऐकून त्याचं काय बिनसलंय ते सांगता यायचं. पहिल्या गोष्टीवर घर चालायचं. इटलीत, तोरिनोच्या घाऊक भाजीबाजारात तो अकरा वर्षं पेट्या उतरवत होता. दुसरी गोष्ट त्याच्या जिवाची होती, आणि तिच्यासाठी त्याला वर्षातून एकच महिना मिळायचा. ऑगस्ट लागला की तो आपली पांढरी, तीन दारांची छोटी डिझेल गाडी घेऊन मोरोक्कोत, खुरीबगाला आपल्या घरी यायचा, ती घराखालच्या गॅरेजात उभी करायचा आणि अंगातला चांगला शर्ट काढायच्या आत बॉनेट उघडायचा.

वर बायको तामू, दोन मुली आणि म्हातारी आई वाट बघत असायच्या. तामू जिन्यावरून हाक मारायची, चहा गार होतोय. तो म्हणायचा, आलोच, जरा तेल बघतो. आमच्या गल्लीत या ‘जरा’ची बरीच चेष्टा व्हायची.

गाडीला त्याने परक्याचा हात कधी लागू दिला नाही. नोझल तो स्वतः काढून साफ करायचा. फिल्टर, पट्टा, हीटर प्लग सगळं घरच्या घरी. डिझेलवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तो ते तामूच्या ऑलिव्ह तेल गाळायच्या फडक्यातून गाळून टाकीत ओतायचा. तामूने गेल्या तीन वर्षांत पाच फडकी त्याच्यापायी गमावली, आणि त्याबद्दल ती पाहुण्यांदेखत त्याला फैलावर घ्यायची.

त्यातून गाडी त्याने उंच करून घेतली होती. इटलीतून येताना आमच्या माणसांच्या गाड्यांच्या टपावर काय नसतं? गाद्या, सायकली, धुलाईयंत्र, कोणाच्या तरी लग्नाचं कपाट. स्पेन ओलांडेपर्यंत गाड्यांची मागची बाजू रस्त्याला टेकते. मिलूदने म्हणून मागे एका मालवाहू गाडीचे जाड स्प्रिंग बसवले. भरलेली असताना गाडी अगदी सरळ चालायची. रिकामी झाली की मागून वर आणि नाक खाली. मेव्हणा शर्की म्हणायचा, दाजी, तुमची गाडी काहीतरी हरवल्यासारखी रस्ता हुंगत जाते. ते मिलूदला झोंबलं. पुढच्या वर्षी त्याने पुढच्या स्प्रिंगखालीही रबराचे जाड तुकडे सारले आणि नाक वर आणलं. इथे खरी चूक झाली, पण ती कळायला वर्ष जावं लागलं.

शहाण्णव सालच्या ऑगस्टमध्ये तो आला तो तोंड पाडूनच. वाटेत स्पेनमध्ये, वालेन्सियाच्या पुढे पुढच्या उजव्या चाकातून ठक ठक यायला लागली होती. गॅरेजात चाक काढलं तेव्हा दिसलं, शॉकअप ज्या जागी वर टेकतो तिथला पत्रा चिरला आहे. रबराच्या तुकड्यांनी गाडीला उंची दिली होती आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ त्या पत्र्याला दिला होता.

शर्की खिडक्यांची ग्रिलं बनवायचा. वेल्डिंगमध्ये त्याचा हात बसलेला, पण गाडीला हात लावायला तो कचरत होता. म्हणाला, दार्लबैदासारख्या मोठ्या शहरात कुणीतरी जाणता बघा, ही चासीची कामं आहेत. मिलूदने ऐकलं नाही. अकरा वर्षं जी गाडी आपण सांभाळली ती आता फाटक्या पत्र्यासाठी दुसऱ्याच्या दारात न्यायची, हे त्याच्या मानी स्वभावाला मानवणारं नव्हतं. त्याने चार मिलिमीटरची पट्टी मापात कापली, पुठ्ठ्याचा साचा करून तीनदा बसवून बघितली. मग जागा साफ करायला ग्राइंडर घेतलं. वेल्डिंग धरायला हवं तर रंग, गंज सगळं खरवडून पत्रा चकचकीत करावा लागतो, आणि मिलूदने तो आरशासारखा केला. शर्कीने टाका मारला, मिलूदने टाके घासून सपाट केले आणि वर पांढरा रंग दिला. गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन बघून गेला. कुठे जोड आहे ते कोणालाही सांगता येईना, आणि मिलूदची छाती दोन बोटं फुगली.

त्या वेळचा कायदा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ होता. बाहेरच्या देशाच्या नंबरपाटीची गाडी देशात शिरली की तिचा शिक्का मालकाच्या पासपोर्टात पडायचा, आणि मालक परत जाताना गाडीसकटच जायचा. गाडी मागे ठेवून सख्ख्या भावाच्या लग्नालाही समुद्र ओलांडता यायचा नाही. मिलूदला तो कायदा कधी जाचला नव्हता, कारण गाडीशिवाय जायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

अठ्ठावीस ऑगस्टला तो टँजरच्या बंदरात, स्पेनच्या बोटीसाठी रांगेत उभा होता. टपावर तेलाचे डबे, तामूने वळलेलं रव्याचं कुसकुस, चरबीत मुरवलेलं मांस. एक सप्टेंबरला कामावर हजर व्हायचं आणि तीस सप्टेंबरला इटलीत राहायचा परवाना संपायच्या आत स्वतः कचेरीत जाऊन नवा करून घ्यायचा. त्या परवान्यावर घर उभं होतं, आणि एखाद वर्षात तामूला, मुलींना तिकडे नेण्याचा बेतही त्याच्याच आधारावर होता.

कस्टमचा साहेब तरुण होता, चष्मेवाला, कामाला चोख. त्या आठवड्यात चोरीच्या गाड्यांचा काहीतरी गाजावाजा होता म्हणून तो प्रत्येक बॉनेट उघडायला लावत होता. त्याने कागदावरचा चासी नंबर वाचला आणि उजवीकडे वाकून बघितलं. मग हात फिरवून बघितलं.

“नंबर कुठे आहे?”

मिलूदही वाकला. जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे त्याची स्वतःची पट्टी होती, गुळगुळीत, पांढरी. ग्राइंडर फिरवताना पत्र्यावर उठलेले अंक त्याने पाहिले होते. पाहिले होते आणि गंजाबरोबर घासून टाकले होते, कारण त्या घटकेला त्याला पत्रा दिसत होता, कागद दिसत नव्हता.

त्याने सगळं खरं सांगितलं. चीर, पट्टी, ग्राइंडर. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. मग नावाआधी मानाचं ‘सी’ लावून म्हणाला,

“हे बघ, सी मिलूद. तुझ्या पासपोर्टात जी गाडी आहे तिला नंबर आहे. हिला नाही. म्हणजे माझ्या हिशेबाने ती गाडी अजून मोरोक्कोतच कुठेतरी आहे. ती घेऊन ये आणि जा.”

“साहेब, हीच ती.”

“सिद्ध कर.”

“मग ही तुम्ही ठेवून घ्या. मला एकट्याला जाऊ द्या.”

“बिननंबरी गाडी मी कोणत्या खात्यात ठेवू?” साहेब म्हणाला, आणि मागच्या गाडीला हात केला.

खुरीबगाला परत आल्यावर मिलूदने पहिलं काम केलं ते पट्टी कापून काढायचं. सकाळभर तो आणि शर्की पत्र्यावर वाकून होते. खाली काही नव्हतं. वेल्डिंगने भाजलेला, घासलेला पत्रा, एकाही अंकाची खूण नाही. पट्टी पुन्हा लावावी लागली, नाहीतर चाक आत आलं असतं.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. दार्लबैदाच्या कस्टमने सांगितलं, इटलीच्या नोंदणी कचेरीचं पत्र आणा, त्यात इंजिनाचा नंबर हवा. ते पत्र आणायला मालक लागतो, आणि मालक तर इथे अडकलेला. तोरिनोतल्या एका गाववाल्याला मुखत्यारपत्र पाठवलं. मुखत्यारपत्राचं भाषांतर नाही म्हणून ते परत आलं. भाषांतर झालं तर त्यावर वकिलातीचा शिक्का नव्हता. प्रत्येक टेबलावर माणसं सभ्य होती, चहा देत होती, आणि प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं. मिलूदला ओरडावंसं वाटायचं, पण ओरडायचं कोणावर? नंबर त्याने स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि या एका गोष्टीने तो आतून पोखरला जात होता.

शर्कीने एक दिवस हळूच विषय काढला. त्याच्याकडे पत्र्यावर अक्षरं-अंक ठोकायचे पोलादी खिळे होते, ग्रिलवर घरमालकाचं नाव टाकायला घेतलेले. “दाजी, नंबर कागदावर आहेच की. दहा मिनिटांचं काम. मी ठोकतो, तुम्ही रंग द्या. परवा बोटीत बसाल.”

मिलूदने खिळे हातात घेतले आणि परत शर्कीच्या हातात ठेवले. तुरुंगाची भीती होतीच, पण त्याने शर्कीला सांगितलेलं कारण वेगळं होतं. म्हणाला, आज गाडी खरी आहे आणि कागद तिला खोटी म्हणतोय. नंबर ठोकला की गाडीच खोटी होईल, मग मी काय सिद्ध करू? शर्कीने कपाळाला हात लावला. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तेव्हा मिलूदला वेड्यात काढलं, आणि खरं सांगायचं तर मीही काढलं होतं.

सप्टेंबर सरत होता. ऑगस्टच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या आणि परदेशी पाटीची एकच गाडी गल्लीत उरली होती. लोक विचारायचे, काय मिलूद, यंदा रजा मोठी? तो बाहेर पडेनासा झाला. गॅरेजाचं दार आतून लावून तो जागच्या जागी उभ्या गाडीची सेवा करत राहिला. न वापरलेलं तेल बदललं. साफ नोझल पुन्हा साफ केले. रोज सकाळी इंजिन सुरू करून, डोळे मिटून, वीस मिनिटं ऐकत बसायचा, आणि धूर जिन्यातून वर आईच्या खोलीत जायचा.

तामूला आधी वाटलं होतं, बरंच झालं. अकरा वर्षांत तिने नवऱ्याबरोबर सगळे मिळून एक वर्षही काढलं नव्हतं. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण पहिल्या आठवड्यात ती रोज त्याच्या आवडीचं रांधत होती. तीस सप्टेंबरला ती खाली आली, इंजिन बंद केलं आणि चावी मुठीत धरली.

“अकरा वर्षं तू तिकडे होतास. आता इथे आहेस, तर बॉनेटखाली आहेस. माझ्या वाट्याला नक्की कुठला मिलूद आलाय, तेवढं सांग.”

“आज परवाना संपला,” मिलूद म्हणाला.

ती तिथेच चाकाशेजारी बसली. वरून आईने हाक मारली तेव्हाही दोघं जागचे उठले नाहीत.

इटलीच्या नोंदणी कचेरीचं पत्र नऊ ऑक्टोबरला आलं. कस्टमच्या तज्ज्ञाने इंजिनाचा नंबर पत्राशी ताडून बघितला, जुळला, आणि कस्टमने कागद दिला: ही गाडी एकदाच, एका आठवड्यात, देशाबाहेर जाऊ शकते. तामू म्हणाली, परवान्याशिवाय कुठे जाणार? मिलूद म्हणाला, थोडे दिवसच तर झालेत, कोण बघतंय. हे त्याला स्वतःलाही पटलेलं नव्हतं.

टँजरला तोच चष्मेवाला साहेब होता. त्याने कागद वाचला, मिलूदचं मनापासून अभिनंदन केलं आणि पासपोर्टातल्या गाडीवर ‘बाहेर गेली’ असा शिक्का मारला. पुढे पन्नास पावलांवर बोटीचा माणूस उभा होता. त्याने राहायचा परवाना मागितला, तारीख बघितली आणि मान हलवली. पलीकडे स्पेनवाले तुला उतरू देणार नाहीत, आणि परत आणायचा खर्च आमच्या माथी पडेल, म्हणाला.

मिलूद गाडी वळवून साहेबाकडे आला. साहेबाचा चेहरा पडला. या कागदावर गाडी फक्त बाहेर जाते, आत येत नाही, त्याने सांगितलं. आता तिला पुन्हा आत घेण्याचा अधिकार त्याला नव्हता. माणसाला बाहेर जाता येत नव्हतं आणि गाडीला आत येता येत नव्हतं, आणि दोघं त्या पन्नास पावलांच्या पट्ट्यात उभे होते. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

पायी जाणाऱ्यांच्या रांगेत फकीह बेन सालह गावचा बूअज्जा होता. त्याच तोरिनोच्या बाजारात तो संत्री उतरवायचा. मिलूदशी त्याची तोंडओळख होती. त्याच्याकडे परवाना होता, गाडी नव्हती. गाडी बूअज्जाने न्यावी असं साहेबाने स्वतःच सुचवलं आणि स्वतःच तशी चिठ्ठी लिहून दिली, बहुधा त्यालाही रात्री झोप यायला हवी होती. मिलूदने चावी दिली. तेलाचे डबे, कुसकुस, मांस, सगळं गाडीतच राहू दिलं. गाडी बोटीच्या फळीवर चढली तेव्हा त्याने मान वळवली नाही. तो पुढच्या उजव्या चाकाचा आवाज ऐकत होता. ठक झालं नाही.

घरी तो बसने आला. पासपोर्ट आता अगदी स्वच्छ होता. कुठलीही गाडी त्याला धरून नव्हती.

आठवड्याने गल्लीतल्या टेलिफोनच्या दुकानात बूअज्जाचा फोन आला. दुकानदाराने पोरगी धाडून मिलूदला बोलावलं, आणि तामूही मागोमाग आली. बूअज्जा आनंदात होता. डोंगर, घाट, दोन दिवसांचा पाऊस, गाडीने एकदाही कुरकुर केली नाही, म्हणाला. माझ्या चुलतभावाच्या आवारात उभी केली आहे. तुझ्या हाताला तोड नाही, सी मिलूद. कधी येतोस न्यायला?

मिलूदने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. बूअज्जाला वाटलं फोन तुटला, तो हॅलो हॅलो करत राहिला.

“मला येता येणार नाही, बूअज्जा,” मिलूद म्हणाला. हे त्याने अजून कोणाकडे उच्चारलं नव्हतं, तामूकडेसुद्धा नाही. ती त्याच्या मागेच उभी होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो सांगायला लागला. थंडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत चावी फिरवू नकोस. डिझेल गाळून घे. “आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढत जा तिला. एका जागी उभी राहिली की वाया जाते.”