साठ्यांचं नाक

दुपारच्या उन्हात टेबलावर एक कापलेलं नाक पडलं आहे. मॉडेल रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं. शेजारी दुसऱ्या इंजिनाचं बिननाकाचं धूड. करवतीचा आवाज ऐकून बायको डोकावली.

"कुणाचं नाक कापताय?"

"साठ्यांचं," मी म्हणालो.

साठे आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबातले. आमच्या गावच्या पॅसेंजरला लागायचं, ते इंजिन फक्त त्यांच्याकडे आहे. बाजारात आता शोधूनही मिळत नाही. मी नुसतं मापं घ्यायला मागितलं, तर चारचौघांत म्हणाले, "हात लावायचा नाही. तुटलं तर दुसरं कुठून आणणार तुम्ही?"

म्हणून मालगाडीची दोन इंजिनं कापून एकाचं नाक दुसऱ्याच्या केबिनला जोडतो आहे. रागाने हात थरथरतो म्हणतात. माझा तर कधी नव्हे इतका स्थिर आहे. अपमानाच्या कडाही अशाच बोचतात, पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं. फार घासलं तर मात्र आकारच जातो आणि समोरचा माणूस चक्क चांगला वाटायला लागतो. तेवढं मी होऊ देणार नाही.

सांध्याच्या फटीत पुट्टी भरली आहे. वाळली की रंग. रविवारी हे साठ्यांच्या इंजिनाशेजारी रुळावर उभं करीन. ते वाकून बघतील, हात पुढे करतील आणि काहीतरी आठवून मागे घेतील. तेव्हा मी अगदी गोड आवाजात म्हणेन, "घ्या की हातात, साठे. तुटलं तर दुसरं करीन."