एफवनबाईंची एक ओळ

सगळी अक्षरं नीट वाचता येत असूनही, एखादा सरकारी फॉर्म समोर घेऊन तुम्ही कधी ठोंब्यासारखे बसला आहात का? "नाही" म्हणत असाल तर माझा विश्वास नाही. मी बसलो आहे. शाळा अर्ध्यात सोडली, कायदा नोटीस बोर्डांसमोर उभा राहून आणि खिडक्यांवर भांडून शिकलो, भल्याभल्यांना कलमं तोंडावर फेकून गप्प केलं. तरी "वापराचे स्वरूप" असा रकाना दिसला की माझंही डोकं तापतं.

तोच रकाना आमच्या वस्तीच्या मुळावर उठला होता. रस्ता रुंद व्हायचा होता, वस्ती पडायची होती. ज्याचा अर्ज पास होईल त्याला नव्या इमारतीत खोली, बाकीच्यांनी बिऱ्हाड उचलून वाट फुटेल तिकडे जायचं. कागदावर अर्ज चालणार नव्हता. कार्यालयाच्या दालनात संगणक मांडले होते. अर्जदाराने स्वतः बसायचं, स्वतःच्या हाताने रकाने भरायचे, छापून आलेला कागद खिडकीत द्यायचा. "वापराचे स्वरूप"वर टिचकी मारली की पर्याय उघडायचे: निवास, व्यवसाय, इतर. "व्यवसाय" निवडला की खोली गेली. आता आमच्याकडे घर कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवणारी बाई मशीनच्या पायाशी झोपते. इस्त्रीवाले काका इस्त्रीच्या टेबलाखाली झोपतात. नियमात अशांना निवासीच धरलेलं होतं, पण नियम कपाटात आणि माणूस फॉर्मसमोर.

हा फॉर्म बनवला होता एफवनबाईंनी. चाळिशी उलटलेली, त्याच कार्यालयात कंत्राटी नोकरी, चष्म्याला काळी दोरी, जीभ सुरीसारखी. त्यांच्या फॉर्मची एक खुबी होती. कुठल्याही रकान्यात गेलात की स्क्रीनच्या तळाच्या पट्टीत एक ओळ उमटायची, इथे काय भरायचं ते सांगणारी. तेवढ्याने भागलं नाही तर कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एफवनचं बटण दाबायचं, म्हणजे छोटी चौकट उघडून तेच जरा ऐसपैस सांगायची. "नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, घरात मारतात ती हाक नको," अशी त्यांची भाषा. कोणी काही विचारायला आलं की बाई मान वर न करता म्हणायच्या, "एफवन दाबा की." त्यावरून नाव पडलं, आणि बाईंनी ते ऐटीत मिरवलं.

या ओळी कुठे तयार व्हायच्या, तर त्यांच्या स्वयंपाकघरात. तळाच्या पट्टीत जागा जेमतेम ओळभर. त्यात मावेल आणि माणसाला कळेल असं लिहायचं म्हणजे घाम फुटतो. बाई ओळ लिहायच्या आणि घरी जाऊन सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायच्या. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. त्यांच्या तोंडून "म्हणजे?" निघालं की ओळ बाद. मी एकदा फॉर्मवरून तंडायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा "वापराचे स्वरूप"चीच परीक्षा चालली होती. बाईंनी वाचलं, "सदर जागेचा वापर प्रामुख्याने निवासी असल्यास..."

"कोणाशी बोलतेस गं? जागेशी की माणसाशी?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी चरफडत खोडलं. आणखी दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, "जिथे काम करता तिथेच रात्री झोपत असाल तर 'निवास' निवडा." सासूबाईंनी मान डोलावली आणि वर टोमणा मारला, की एवढं सरळ होतं तर मघापासून वाकडं कशाला चाललं होतं. मी भांडण विसरून चहा पिऊन आलो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी इस्त्रीवाले काका दालनात बसले होते. आयुष्यभर इस्त्री धरून बोटं ताठलेली, एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. नाव झालं, पत्ता झाला, घरातली माणसं झाली, ओळखपत्राचा लांबलचक क्रमांक झाला. "वापराचे स्वरूप" पुढ्यात आलं आणि नेमके तेव्हाच कार्यालयाचे साहेब काकांच्या पाठीमागून चालले होते. तळाची ओळ साहेबांनी वाचली आणि थबकले.

ही ओळ कोणी घातली, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मी. साहेबांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट. मागे एका कारकुनाच्या तोंडी सल्ल्यावरून त्यांना वर्षभर खुलासे लिहावे लागले होते, तो चटका गेला नव्हता. कार्यालयाने सल्ला द्यायचा नाही, ही ओळ सगळ्या यंत्रांवरून आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाले. मी मध्ये पडलो, नियमाचं कलम सांगितलं. कलम त्यांना पाठ होतं. "नियम छापील आहे, तो वाचू दे. आपण कानात सांगायचं नाही," एवढंच बोलून ते तिथेच उभे राहिले.

इथे एक गोष्ट समजून घ्या. असा फॉर्म कुलूपबंद असतो, म्हणूनच फक्त रकाने भरता येतात, बाकी मजकूर हलत नाही. ओळ काढायची तर कुलूप उघडायचं आणि पुन्हा घालायचं. साध्या रीतीने घातलं तर भरलेलं सगळं पुसलं जातं. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, भरलेलं जपून कुलूप घालायचं वेगळं बटणही त्यांनीच बनवून ठेवलं होतं. पण साहेब मानेवर श्वास सोडत होते. बाईंनी आधी काकांच्या यंत्रावरून पट्टीतली आणि एफवनमधली ओळ काढली, आणि आपल्या बटणाऐवजी हात गेला साध्या कुलपावर.

काकांचा फॉर्म कोरा झाला.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझंच काही चुकलं का?"

मी बाईंवर ओरडलो. दालन दणाणलं, शिपाई धावत आला. मला त्याचा पस्तावा नाही. वस्तीतला म्हातारा रस्त्यावर येत होता आणि खिडकी मिटायची वेळ आली होती. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ जागेवर होती. "दादा, ओरडायला पुष्कळ वेळ आहे. आता खिडकीपाशी जाऊन उभे राहा, ती मिटू देऊ नका," त्या म्हणाल्या. मी खिडकीच्या चौकटीत कोपर रोवून उभा राहिलो.

काकांनी पुन्हा सुरुवात केली. बाईंना कीबोर्डला हात लावायची मुभा नव्हती. त्या मागे उभ्या, हात पाठीशी घट्ट बांधलेले. एक अक्षर, मग शोध, मग दुसरं अक्षर. खिडकीतला कारकून शिक्के खणात ठेवायला लागला, मी त्याच्याशी उगाच हुज्जत घालत राहिलो. क्रमांक संपला. पुन्हा तोच रकाना. तळाची पट्टी आता रिकामी होती. काकांनी एफवन दाबलं. तिथेही काही नव्हतं. त्यांचं बोट पर्यायांवर आलं आणि "व्यवसाय"पाशी थांबलं. इस्त्री हा त्यांचा व्यवसायच होता, माणूस दुसरं काय निवडणार?

साहेब बघत होते. सल्ला द्यायचा नव्हता. बाईंनी घसा खाकरला आणि शेजारीण विचारते तसं विचारलं, "काका, रात्री झोपता कुठे?"

"टेबलाखाली. आणखी कुठे झोपणार?" काका म्हणाले. आणि बोट तसंच धरून थांबले. मग बोट सरकलं आणि "निवास"वर टेकलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. प्रश्न विचारू नये असं कुठल्याच कागदावर नव्हतं. ते वळून आत गेले.

काकांचा कागद माझ्या कोपराखालून खिडकीत गेला आणि शिक्का बसला. काकांना खोली मिळाली. तिथेही ते टेबलाखालीच झोपतात, पलंगावर झोप लागत नाही म्हणे. बाईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. आता त्या एका छापखान्यात अक्षरं जुळवतात, आणि सासूबाई लग्नाच्या पत्रिका ऐकून "म्हणजे?" म्हणतात. फॉर्म मात्र अजून तोच आहे, तळाची पट्टी कोरी, एफवन मुकं. पुढच्या वस्त्यांची पाळी त्याच फॉर्मवर यायची आहे.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी त्या दालनात गेलात आणि शेजारच्या खुर्चीत कोणाचं बोट अडलेलं दिसलं, तर आपला कागद क्षणभर बाजूला ठेवा. उत्तर सांगू नका. नुसतं विचारा, रात्री झोपता कुठे?