मिटवून टाका

ती घटना आठवली की गुन्ह्याच्याही आधी मला माझेच दोन शब्द ऐकू येतात: मिटवून टाका. पोलिसाच्या नोकरीत ते मी किती वेळा उच्चारले, देव जाणे. शेताचा बांध असो, नळाचं पाणी असो की गाडी लावायची जागा. दोन्ही बाजूंना समोर बसवायचं, चहा मागवायचा, 'आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही' असं लिहून घ्यायचं आणि स्टेशन डायरीत नोंद करून मोकळं व्हायचं. गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही, वरिष्ठही खूश. मला त्याचा चांगलाच अभिमान होता.

तेव्हा मी हर्सूलकडच्या भागात ठाण्याचा प्रभारी होतो. दुष्काळाची वर्षं. शहर वाढत चाललेलं, नव्या वसाहतींत घरं झाली पण नळ नाही. मेंढरं विकून शहराच्या कडेला राहायला आलेल्या एका गड्यानं फायनान्स कंपनीच्या कर्जावर ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर घेतला. दोन उन्हाळे बरे गेले. मग एका वर्षी भरपूर पाऊस झाला. सगळा जिल्हा खूश आणि याचा टँकर दारात उभा. हप्ते थकले, कंपनीची माणसं ट्रॅक्टर ओढून न्यायला आली, झोंबाझोंबी झाली आणि दोन्ही बाजू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मी नेहमीचंच केलं. दीड लाख बाकी होती. ट्रॅक्टर विकून नव्वद हजार एकरकमी द्यायचे, उरलेले साठ कंपनीनं सोडायचे. कंपनीनं पत्र दिलं, याची सही झाली. जाताना तो माझ्या पाया पडला होता.

चार-पाच वर्षांनी मी आर्थिक गुन्हे शाखेत होतो. एका बँकेच्या मॅनेजरचा फोन आला. घरकर्जासाठी तीन अर्जदारांनी जुन्या कर्जाची थकबाकी नसल्याचे दाखले जोडले होते. कंपन्या तीन वेगळ्या, पण इंग्रजी स्पेलिंगची चूक तिन्ही दाखल्यांत एकच. दाखले बनावट होते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. तिघांना बोलावलं. दोघांना ज्या माणसानं कागद दिला, त्याचं खरं नावही माहीत नव्हतं. तिसरा हाच टँकरवाला. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं मला ओळखलं.

"दाखला कुणी दिला?" मी विचारलं.

दोन तास तो फरशीकडे बघत बसला. माझा पारा चढला, आवाजही चढला. तेव्हा त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेलं जुनं पत्र काढलं. त्यात एका इंग्रजी शब्दाला लाल पेनानं गोल केलेला होता.

"साहेब, मला इंग्रजी नाय येत. पण ह्यो शब्द लांबून वळखतो. चार बँका फिरलो, चारींनी ह्याच्यावरच बोट ठिवलं."

शब्द होता 'सेटल्ड'. पत्र त्या फायनान्स कंपनीचं होतं.

"तुमीच तर मिटवलं व्हतं, साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी मॅनेजरला फोन लावला. "मिटवलं म्हणजे चांगलंच ना?"

"तुमच्या ठाण्यात, साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे त्याचा अर्थ या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. ही नोंद वर्षानुवर्षं त्याच्या नावामागं राहते."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. नवरा गप्प का, ते तिनं सांगितलं. दाखला देणाऱ्या एजंटानं प्लॉटचे मूळ कागद ठेवून घेतले होते. नाव घेतलं तर कागद गेले, ही धास्ती.

"आमच्या प्लॉटवरनं जेलची भित दिसती, साहेब," ती म्हणाली. "लई वर्सं झाली, दोन खोल्या बांधायच्या म्हून पत्र्यात ऱ्हातोय. आता त्येला तिकडून घर बघायची पाळी आणू नका. मी सांगते नाव."

तिनं नाव सांगितलं, दुकानही दाखवलं. कचेरीजवळचं झेरॉक्सचं दुकान. पंचांसमक्ष झडती घेतली. खालच्या खणात कंपन्यांचे रबरी शिक्के आणि अकरा घरांचे मूळ कागद सापडले. एजंट तिथंच ढसाढसा रडला. असली माणसं पकडल्यावर फार लवकर रडतात, हा माझा अनुभव.

पण बनावट दाखला बँकेत देणाराही आरोपी होतो. याला तो बनावट असल्याचं माहीत होतं का, एवढाच प्रश्न उरला. बँकेतल्या क्लार्कचा जबाब घेतला, त्यात उत्तर मिळालं. दाखला देताना यानं विचारलं होतं, "ह्याच्यात तो शब्द तर नाय ना? नीट बघून घ्या." कागद खोटा आहे हे ठाऊक असलेला माणूस 'नीट बघा' म्हणत नाही. सरकारी वकिलांनाही ते पटलं. तो साक्षीदार झाला.

मग मी, वर्दी न घालता, त्याच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेलो. सोडलेले साठ हजार भरून घ्या आणि नोंद बदला, एवढंच मागणं. तीन चकरा झाल्या, तेव्हा कुठं कबूल झाले. तो दुसऱ्याच्या टँकरवर ड्रायव्हर, ती हॉस्टेलात पोळ्या लाटायला. पैसे फेडायला दीड वर्ष लागलं. मॅनेजरनं सांगितल्याप्रमाणे नंतर, बँकेत पत सुधारावी म्हणून, बायकोचे कानातले गहाण ठेवून छोटं कर्ज घेतलं आणि एकही हप्ता चुकू दिला नाही. दर अर्जाचीही नोंद होते म्हणून नवं कर्ज मागत दारोदार फिरणं बंद केलं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी तो घरी बोलवायला आला. घरकर्ज मिळून दोन खोल्या उभ्या होत्या, गिलावा बाकी होता. त्यानं कंपनीचं नवं पत्र माझ्या हातात दिलं. "साहेब, आता काय लिवलंय?"

"क्लोज्ड."

"म्हंजे मिटलं ना?"

तो शब्द माझ्या तोंडून निघेना. "नाही रे बाबा," मी म्हणालो. "फिटलं."

चहा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली. "मग साहेब," तिनं विचारलं, "त्या वक्ताला ह्योच शब्द का नाय सांगितला?"

ती भांडत नव्हती, सहज विचारत होती. मी कप घेतला. दुसऱ्या हातातलं पत्र तिला परत दिलं.