मीटरवरचं शून्य

चीफसाहेब जात्याच संशयी. दूध उतू गेलं तर ते चिडत, आणि नाही गेलं तर का नाही गेलं म्हणून विचारत. त्यांची सारी उमर जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. आता जहाजावर जाणाऱ्या मुलांना ते समुद्र न नासवता काम कसं करायचं ते शिकवत. वर्गात त्यांची सख्खी भाचीही होती. बहिणीने भरवशावर सोपवलेली. घरी मामा म्हणायची, कॉलेजात सर.

त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. इंजिनाखाली साचलेलं तेलकट पाणी यंत्रातून गाळायचं आणि मीटरने होकार दिला तरच बाहेर सोडायचं. भाचीच्या वेळी मीटरने शून्य दाखवलं. मुलांनी टाळ्या पिटल्या, चीफसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. कितीही गाळलं तरी तेलाचा अंश राहतोच. कुठेतरी पाणी मुरत होतं. यंत्रामागे वाकून पाहिलं, तर मीटर धुवायचा गोड्या पाण्याचा नळ किंचित उघडा. मीटर नळाचं पाणी मोजत होता आणि तेल खुशाल पुढे चाललं होतं.

त्यांनी तिला मागे थांबवून घेतलं. जहाज कंपनीचे लोक बघायला येणार आहेत, नळ उघडाच ठेव, असं वर्कशॉपचे फोरमनकाका म्हणाले, म्हणून तिने सांगितलं. फोरमनने कानांवर हात ठेवले. चीफसाहेबांना दोघंही खोटी वाटली. नापास करावं तर पोरीची जहाजावरची जागा जाणार आणि बहीण तोंड बघणार नाही. पास करावं तर उद्या हीच पोर कुणाच्या तरी सांगण्यावरून समुद्रात तेल सोडून तुरुंगात जायची. ती त्यांच्याच घरी राहायची; जेवताना ते तिच्याकडे असे रोखून बघत, की ती ताट उचलून आत जाऊन बसे.

शेवटी त्यांनी फेरपरीक्षा लावली. यंत्र सुरू झालं, तसे ते तिच्या मागे उभे राहून मुद्दाम खेकसले, "पाहुणे आलेत. उघड तो नळ."

तिचा हात नळाकडे गेला. पण वाटेतच थांबला.

"लिहून द्या, सर."

"काय लिहून देऊ?"

"नळ उघड म्हणून. खाली सही करा, मग उघडते."

"मी चीफ आहे इथला."

"म्हणून तर तुमची सही हवी."

नळ बंदच राहिला. मीटरवरचा आकडा चढत चढत मर्यादेच्या अलीकडे थांबला. शून्य नव्हता. चीफसाहेबांनी तिला पास केलं.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन करून निकाल सांगितला, पण लगेच आवाज खाली आणून विचारलं, की हे लिहून मागायचं हिला कोणी पढवलं? आपण तर नाही.

"मीच," बहीण म्हणाली. "मामाने काही सांगितलं, तर आधी लिहून घे म्हटलं. तुझ्या घरी राहायला पाठवत होते ना, दादा."