ताईची गाडी काऊन वाजत होती

अन्याय माझ्या ताईवर झाला, २०१० सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, फुलचूरच्या एका गॅरेजात. कामठ्याहून गोंदियाला नर्सिंगच्या वर्गाला ती बाबांची मोटरसायकल नेत असे, आणि चार दिवसांपासून पुढचा ब्रेक किरकिरत होता. मिस्त्रीने चाकाला हातही न लावता निकाल दिला, "लडकी डर के मारे ब्रेक दबाके चलाती है." झालं! सोबत आलेले बाबा म्हणाले, "उद्यापासून गाडी बंद." गाडी बंद म्हणजे वर्गही बंद. ताई रडली नाही. घरी येताच तिने अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर लावली, मला पार मागे बसवलं, तसं पुढचं चाक उचललं गेलं, आणि तिने ते हाताने गरकन फिरवलं. किर्रर्र! "बाबा, आता ब्रेकवर कोणाचा हात हाये? मंग काऊन वाजून राहिला?" बाबा चहाचा कप घेऊन चाकाजवळ आले. तिने पाना घेऊन चाक काढलं आणि ब्रेकच्या झाकणाच्या फटीतून धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, ओढू लागली, वीतभर, मग हातभर, काळी, जळक्या वासाची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आयती मळणी व्हावी म्हणून बाबांनीच आठवडाभर घरासमोरच्या रस्त्यावर धान पसरलं होतं! "तुमचीच तणीस हाये," ताई म्हणाली, आणि बाबा इतके हसले की कपातला चहा धोतरावर सांडला. मंगळवारी ताई त्या गॅरेजसमोरून लांबलचक हॉर्न वाजवत वर्गाला गेली. मागे बसून मीही ओरडले. आज ती नर्स आहे, आणि मला त्या मिस्त्रीचा राग अजून येतो. म्हणून तुम्हाला सांगते, पोरीची गाडी वाजली तर आधी चाक तपासा, मगच तोंड उघडा.